नाथ पै आणि एक अपूर्ण राहिलेलं विधेयक



बेळगावात शहापूरला नाथ पै चौक आहे. आपल्यातले बरेच जण रोज तिथून जातात-येतात. पण बॅरिस्टर नाथ पै कोण, असं विचारलं तर बहुतेकांकडून दोनच उत्तरं येतात. एक, "फार मोठे वक्ते होते." दुसरं, "सीमाप्रश्नासाठी लढले." दोन्ही खरी आहेत, पण तेवढ्याने माणूस कळत नाही. वक्ता म्हटलं की आपण त्याच्या आवाजाबद्दल बोलतो आणि तो काय बोलला ते विसरून जातो.

म्हणून या लेखात मी नाथ पैंच्या वक्तृत्वाविषयी फार लिहिणार नाही. त्यांनी लोकसभेत मांडलेल्या आणि कधीच मंजूर न झालेल्या एका विधेयकाविषयी लिहिणार आहे. त्या विधेयकातला प्रश्न आजही जिवंत आहे, आणि त्याचा आपल्याशी, म्हणजे एका ख्रिस्ती संस्थेच्या महाविद्यालयात मराठी वाङ्मय मंडळ चालवणाऱ्या तुमच्या-माझ्याशी, फार जवळचा संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

थोडक्यात जीवनपट

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्याला झाला. वडील लवकर गेले. शिक्षण वेंगुर्ला, बेळगाव आणि पुणे इथे झालं. १९४२ च्या चळवळीत त्यांनी भाग घेतला आणि तुरुंगवास भोगला. पुढे कायद्याच्या शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि बॅरिस्टर झाले. युरोपात असताना ते समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत काम करू लागले आणि १९५४ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पत्नी क्रिस्टल या ऑस्ट्रियाच्या.

१९५७ च्या निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, ते प्रजा समाजवादी पक्षाचे उमेदवार म्हणून राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. तेव्हा त्यांचं वय ३४ होतं. १९६२ आणि १९६७ मध्येही याच मतदारसंघाने त्यांना पाठवलं. त्या काळी राजापूर मतदारसंघ म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग. घरटी एक माणूस मुंबईला आणि घर चालतं मनिऑर्डरीवर, असा तो मुलूख. कोकणात रेल्वे यावी ही मागणी त्यांनी दिल्लीत लावून धरली. गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता तोवर गोव्याचा प्रश्न ते सभागृहात मांडत राहिले. १९६० च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपात एस. एम. जोशींबरोबर ते आघाडीवर होते. आणि सीमाभागातल्या मराठी माणसांची बाजू तर त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

१७ जानेवारी १९७१ रोजी, हुतात्मा दिनी, ते बेळगावच्या सभेत बोलले. दुसऱ्या दिवशी, १८ जानेवारीला, हृदयविकाराने बेळगावातच त्यांचं निधन झालं. वय अवघं ४८.

इथपर्यंतची माहिती कुठल्याही स्मरणिकेत सापडेल. आता मुख्य विषयाकडे येऊ.

खासदार नेमकं करतो काय?

विरोधी पक्षातल्या खासदाराच्या हातात काय असतं? प्रश्न विचारणं, चर्चेत बोलणं, सरकारच्या विधेयकांना दुरुस्त्या सुचवणं आणि स्वतःचं विधेयक मांडणं. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकाला खासगी विधेयक म्हणतात. 'खासगी' या शब्दावरून काहींना वाटतं की ते घरगुती कामाचं असेल. तसं नाही. विषय कुठलाही असू शकतो, फक्त मांडणारा सरकारचा नसतो.

अशा विधेयकांसाठी लोकसभेत शुक्रवारी दुपारनंतरचे अडीच तास राखून ठेवलेले असतात. आठवडा संपलेला, निम्मे सदस्य आपापल्या मतदारसंघाच्या गाडीत बसलेले. स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले, आणि त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. म्हणजे अर्धशतकाहून जास्त काळात एकही नाही.

मग सदस्य ती मांडतात कशाला? सरकार ज्या प्रश्नाला हात लावायला तयार नसतं, तो प्रश्न सभागृहाच्या नोंदीत आणण्यासाठी. ७ एप्रिल १९६७ रोजी नाथ पै यांनी मांडलेलं घटनादुरुस्ती विधेयक या प्रकारचं होतं. त्यावेळी लोकसभेत त्यांच्या पक्षाचे सदस्य होते अवघे १३.

जालंधरची जमीन

त्या विधेयकाचं मूळ पंजाबातल्या एका कुटुंबाच्या शेतजमिनीत आहे. हे कुटुंब होतं गोलकनाथ यांचं. एकोणिसाव्या शतकात जालंधरला ख्रिस्ती मिशनचं काम करणाऱ्या रेव्हरंड गोलकनाथ या बंगाली धर्मोपदेशकाच्या वंशातलं. या कुटुंबाकडे जालंधर भागात पाचशेहून जास्त एकर जमीन होती. पंजाबच्या १९५३ च्या जमीनधारणा कायद्याने ठराविक मर्यादेपलीकडची जमीन 'जादा' ठरवली. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांचं म्हणणं असं की मालमत्ता बाळगण्याचा अधिकार हा मूलभूत अधिकार आहे, तो सरकारला असा हिरावून घेता येणार नाही.

(त्या काळी मालमत्तेचा अधिकार खरोखरच मूलभूत अधिकारांत होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून काढला गेला.)

अडचण अशी होती की १९६४ च्या १७ व्या घटनादुरुस्तीने हा पंजाबचा कायदा राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात घातला होता. नवव्या परिशिष्टातल्या कायद्यांना मूलभूत अधिकारांच्या आधारे आव्हान देता येत नसे. त्यामुळे मुळातलाच प्रश्न उभा राहिला: घटनादुरुस्ती करून संसद मूलभूत अधिकार कमी करू शकते का?

राज्यघटनेतली दोन कलमं इथे समोरासमोर येतात. कलम १३ म्हणतं, मूलभूत अधिकार हिरावून घेणारा किंवा आखडणारा 'कायदा' राज्यसंस्थेने करू नये. कलम ३६८ म्हणतं, ठरवून दिलेल्या पद्धतीने संसदेला घटनादुरुस्ती करता येईल. मग घटनादुरुस्ती हा कलम १३ मधला 'कायदा' आहे की नाही? १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'नाही' म्हटलं होतं. १९६४ मध्येही बहुमताने तेच सांगितलं, पण तिथे दोन न्यायमूर्तींनी शंका नोंदवली. त्यातले एक होते न्या. जनार्दन रघुनाथ मुधोळकर. राज्यघटनेच्या मूलभूत लक्षणांत बदल करणं ही दुरुस्ती म्हणायची की घटनेचा काही भाग नव्याने लिहिणं म्हणायचं, हा प्रश्न त्यांनी विचारून ठेवला. हा प्रश्न लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला. अकरा न्यायमूर्ती, सहा विरुद्ध पाच. सरन्यायाधीश के. सुब्बा राव यांच्या बाजूच्या बहुमताने सांगितलं की यापुढे संसदेला मूलभूत अधिकार कमी करता येणार नाहीत, घटनादुरुस्ती करूनही नाही. आधी झालेल्या दुरुस्त्या मात्र न्यायालयाने चालू ठेवल्या.

नाथ पैंचं म्हणणं

निकालानंतर सहाच आठवड्यांत नाथ पै यांनी आपलं विधेयक मांडलं. आशय साधा होता: राज्यघटनेतलं कुठलंही कलम, मूलभूत अधिकारांसह, दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे कलम ३६८ मध्येच स्पष्ट लिहावं.

इथे जरा थांबून विचार करू. हे विधेयक सत्ताधारी पक्षाकडून आलं असतं तर आपण म्हटलं असतं, सत्तेची हाव आहे. पण मांडणारा विरोधी पक्षातला होता. १९४२ मध्ये तुरुंगात गेलेला, नागरी स्वातंत्र्यासाठी सभागृहात सरकारला धारेवर धरणारा. मूलभूत अधिकारांचं मोल अशा माणसाला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?

त्यांच्या मांडणीचा गाभा असा होता. भारतात अंतिम सत्ता लोकांची. लोक ती सत्ता निवडून दिलेल्या प्रतिनिधींमार्फत वापरतात. संविधान सभेने १९४९ मध्ये स्वीकारलेल्या घटनेत पुढच्या पिढ्यांना बदल करायची वाटच नसेल, तर एका पिढीने पुढच्या सगळ्या पिढ्यांचे हात बांधल्यासारखं होईल. जमीन कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून केलेले कायदे मालमत्तेच्या अधिकारावर अडखळत असतील, तर सामाजिक न्याय कायद्याच्या मार्गाने यायचा कसा? आणि तो कायद्याच्या मार्गाने आला नाही, तर लोक दुसरा मार्ग शोधतील. संसदेला अधिकार द्या म्हणणं म्हणजे अधिकार मोडा म्हणणं नव्हे. लोकांच्या अधिकारांचं रक्षण लोकांच्या प्रतिनिधींनीच करायचं असतं.

कोकणातल्या खासदाराला जमिनीचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नव्हता. खोतांची जमीन आणि कुळांचे कष्ट हा त्याच्या मतदारसंघाचा जुना इतिहास होता.

आपल्या शेजारच्या गोव्याचं उदाहरण घेतलं तरी घटनेला दुरुस्तीची वाट का लागते ते कळतं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, आणि १९६२ च्या १२ व्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव यांचा भारताच्या राज्यक्षेत्रांच्या यादीत समावेश झाला. जिवंत देशाची घटना गोठवून ठेवता येत नाही, हे नाथ पैंचं म्हणणं तेवढ्यापुरतं बिनतोड आहे.

विरोध करणारे काय म्हणत होते?

विरोध दोन टोकांकडून झाला. खासगी मालमत्तेचा पुरस्कार करणाऱ्या स्वतंत्र पक्षाचा विरोध अपेक्षितच होता. पण संयुक्त समाजवादी पक्षातले, म्हणजे नाथ पैंच्या जुन्या समाजवादी घरातलेच लोकही विरोधात उभे राहिले. त्यांचा प्रश्न मालमत्तेचा नव्हता. त्यांचा प्रश्न असा होता: जमिनीसाठी उघडलेलं दार नंतर बंद कोण करणार? आज मालमत्तेच्या अधिकाराला हात लागेल. उद्या भाषणस्वातंत्र्याला, परवा धर्मस्वातंत्र्याला लागला तर?

आता आपल्या महाविद्यालयाकडे येऊ. मूलभूत अधिकारांच्या यादीत कलम ३० आहे. धर्मावर किंवा भाषेवर आधारलेल्या अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा अधिकार हे कलम देतं. आपली संस्था या कलमाच्या आधाराने उभी आहे. १९७४ मध्ये अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने या अधिकाराचं रक्षण केलं. शिवाय याच कलमात 'भाषा' हाही शब्द आहे. भाषिक अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरतं. म्हणजे मराठी माणूस कोल्हापुरात बहुसंख्य आणि बेळगावात अल्पसंख्य. आपण या वर्गात बसतो तेव्हा कलम ३० आपल्याला दोन्ही बाजूंनी लागू पडतं, संस्थेला धर्माच्या नात्याने आणि आपल्यातल्या मराठी भाषकांना भाषेच्या नात्याने.

मग आता सांगा, संसदेला दोन तृतीयांश बहुमताने कुठलंही कलम बदलता यावं की नाही? अल्पसंख्याकांकडे तर बहुमत कधीच नसतं, म्हणून तर ते अल्पसंख्य. वर्गात हा प्रश्न मी विचारते तेव्हा सुरुवातीला नाथ पैंच्या बाजूने असलेले निम्मे हात खाली येतात.

विधेयकाचं पुढे काय झालं

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. सरकारचा कल अनुकूल होता, पण तेवढं पुरेसं नव्हतं. घटनादुरुस्तीला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. १९६७ मध्ये काँग्रेसला ५२० पैकी २८३ जागा होत्या. १९६९ मध्ये तो पक्षही फुटला. चर्चा लांबत गेली. २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि प्रलंबित विधेयकांबरोबर हेही व्यपगत झालं. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी नाथ पै गेले.

पण प्रश्न त्यांच्याबरोबर गेला नाही. १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या, आणि त्याच वर्षी २४ वी घटनादुरुस्ती झाली. घटनेतल्या कुठल्याही तरतुदीत भर घालण्याचा, बदल करण्याचा किंवा ती रद्द करण्याचा अधिकार संसदेला आहे, असं त्यात लिहिलं गेलं. नाथ पैंना जे हवं होतं ते झालं, पण दुसऱ्यांच्या हातून.

२४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल आला. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. न्यायालयाने गोलकनाथ निकाल बाजूला ठेवला आणि सांगितलं की संसद मूलभूत अधिकारांसह कुठल्याही भागाची दुरुस्ती करू शकते, मात्र राज्यघटनेची मूलभूत चौकट तिला मोडता येणार नाही. १९६४ मध्ये न्या. मुधोळकरांनी विचारून ठेवलेल्या प्रश्नाला आठ वर्षांनी हे उत्तर मिळालं. अर्धा निकाल नाथ पैंच्या बाजूने, अर्धा त्यांच्या विरोधकांच्या.

आणीबाणीची परीक्षा

मग २५ जून १९७५ ची रात्र आली. आणीबाणीत विरोधी खासदार तुरुंगात गेले. नाथ पैंच्या नंतर राजापूरचे खासदार झालेले मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते. अशा संसदेने, जिची मुदतही वाढवून घेतलेली होती, १९७६ मध्ये ४२ वी घटनादुरुस्ती केली. घटनादुरुस्तीला कुठल्याच न्यायालयात आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही, असं त्यात होतं. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भाग रद्द केला.

या निकालात आपल्यासाठी एक लक्ष देण्याजोगी गोष्ट आहे. बहुमताचा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते यशवंत विष्णू चंद्रचूड. १९७३ मध्ये हेच चंद्रचूड अल्पमतातल्या सहा न्यायमूर्तींत होते, म्हणजे संसदेच्या अधिकारावर अशी मर्यादा नको म्हणणाऱ्यांत. सात वर्षांनी मूलभूत चौकटीचं तत्त्व आधाराला घेऊन त्यांनीच त्या मर्यादेचं रक्षण केलं. मधल्या सात वर्षांत आणीबाणी येऊन गेली होती.

नाथ पै १९८० पर्यंत जगले असते तर त्यांचं मत काय झालं असतं, हे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण त्यांच्या युक्तिवादाचा पाया कशावर उभा होता, ते सांगता येतं. त्यांच्या डोळ्यांसमोरची संसद ही बोलणारी संसद होती. तिथे १३ सदस्यांच्या पक्षाचा माणूस उठून पंतप्रधानांना जाब विचारू शकत होता, बाकीचे सभागृह ते ऐकून घेत होतं, आणि बाहेर वर्तमानपत्रं ते छापत होती. अशी संसद असेल तर तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण राजापूरचा खासदार तुरुंगात आणि सभागृह चालू, असं झालं की ती संसद नाथ पैंची राहत नाही. माझ्या मते त्यांच्या विधेयकातली उणीव इथे आहे. त्यांनी अधिकार दिला संस्थेला, पण संस्था निकोप राहील हे गृहीत धरलं. ज्याने स्वतःचं सगळं आयुष्य एका संस्थेला दिलं, त्याला ती संस्था बिघडू शकते हे दिसणं अवघड असतं.

तरीही त्यांना 'चुकले' म्हणून मोकळं होता येत नाही. गोलकनाथ निकाल तसाच राहिला असता तर मूलभूत अधिकारांच्या भागात कसलाही संकोच करणारी दुरुस्ती कायमची बंद झाली असती, आणि मालमत्तेचा अधिकार भाषणस्वातंत्र्याइतकाच अढळ राहिला असता. १९७३ चा मधला मार्ग निघाला तो दोन्ही टोकं कुणीतरी प्रामाणिकपणे, ताकदीने मांडली होती म्हणून. त्यातलं एक टोक नाथ पैंनी धरलं होतं.

एका शब्दाचा विचार

आपलं मंडळ वाङ्मयाचं आहे, म्हणून शेवटी एका शब्दाकडे वळते. मराठीत आपण 'घटनादुरुस्ती' म्हणतो. हिंदीत 'संशोधन' म्हणतात. दोन्ही शब्द एकाच गोष्टीसाठी, पण मनात उमटणारं चित्र वेगळं. संशोधन म्हटलं की शुद्ध करणं. दुरुस्ती म्हटलं की आपल्याला आठवतं ते घर.

कोकणात काय किंवा बेळगावात काय, पावसाळ्याआधी घराची दुरुस्ती निघते. कौलं चाळतात, कुजलेला वासा बदलतात, भिंतीला गिलावा करतात, कधी नवीन खोली काढतात. पण काम संपल्यावर घर तेच राहतं. कुणी मधला खांबच काढला आणि घर बसलं, तर त्याला आपण दुरुस्ती म्हणत नाही, पाडलं म्हणतो.

केशवानंद खटल्यात न्या. एच. आर. खन्ना यांचं मत निर्णायक ठरलं. त्यांनी याच अंगाने विचार केला होता: दुरुस्ती म्हटलं की मूळ घटना आपली ओळख न गमावता टिकून राहिली पाहिजे, ती नष्ट करून दुसरी आणणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. तेरा न्यायमूर्तींनी ६८ दिवस चाललेल्या सुनावणीनंतर जे ठरवलं, त्याचं बीज आपल्या भाषेतल्या या रोजच्या शब्दात आहे. नाथ पै बरोबर सांगत होते की घराची दुरुस्ती करण्याचा हक्क घरात राहणाऱ्यांचा आहे. त्यांचे विरोधक बरोबर सांगत होते की खांब कुठला ते आधी ठरवा. कलम ३० च्या छपराखाली बसलेल्या आपल्याला या दोन्ही वाक्यांची गरज आहे.

चर्चेसाठी प्रश्न

पुढच्या बैठकीला येताना खालच्या प्रश्नांवर विचार करून या. उत्तरं लिहून आणली तर उत्तम, पण निदान आपली बाजू ठरवून या.

१. प्रत्येक पिढीला घटना बदलता आली पाहिजे हे नाथ पैंचं म्हणणं, आणि अल्पसंख्याकांचे अधिकार बहुमतावर सोडता येत नाहीत हे विरोधकांचं म्हणणं. या दोन्हींचा मेळ तुम्ही कसा घालाल?

२. 'मूलभूत चौकट' ठरवण्याचा अधिकार न्यायालयाकडे आहे. न्यायमूर्ती निवडून आलेले नसतात. नाथ पैंनी यावर काय आक्षेप घेतला असता, असं त्यांच्या मांडणीवरून वाटतं?

३. १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. म्हणून ही पद्धत निरुपयोगी म्हणायची का? या लेखातल्या उदाहरणाच्या आधारे लिहा.

४. 'दुरुस्ती', 'संशोधन', 'बदल', 'सुधारणा' हे चार शब्द घ्या. प्रत्येकाचं एक-एक वाक्य करा आणि घटनेच्या संदर्भात कुठला शब्द तुम्हाला जास्त योग्य वाटतो ते कारणांसह सांगा.

ज्यांना नाथ पैंच्या बाजूने बोलायचं आहे आणि ज्यांना विरोधात, त्यांनी आपापली नावं मंडळाच्या प्रतिनिधींकडे द्यावीत. एक अट आहे: आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याची बाजू त्याला पटेल अशा शब्दांत सांगायची, मगच आपलं बोलायचं.